विकतचं पाणी

त्या बाजाराच्या दिवशी माझी आई माझ्याच दुकानासमोर उन्हानं चक्कर येऊन खाली बसली, आणि तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. झालं ते एवढंच. कोणी मेलं नाही, कुठं आग लागली नाही. यवतमाळात वैशाखात रोज दहा माणसं चक्कर येऊन बसतात आणि उठून आपल्या वाटेनं जातात. डिंकाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती तांड्यातल्या बायांबरोबर पलीकडच्या कडेनं चालली होती. वर्षभर ती तशीच जायची, मान समोर ठेवून, जणू माझं दुकान म्हणजे एक भिंत. मी सोड्याच्या मशीनवर होतो, तोंडावर तारेची जाळी, हातात चामड्याचे मोजे. जाळीतून मला तिचं गाठोडं आधी कलताना दिसलं, मग ती. मी जाळी फेकली, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, सोडा नव्हे, साधं पाणी, आणि रस्ता ओलांडला. तिनं पेल्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग उघडा पंजा मिटून ओढणीखाली घेतला आणि म्हणाली, "आपलं पाणी बंद हाय, फुल्या." एका बाईचा खांदा धरून उठली, समोरच्या पाणपोईवर गेली आणि तिथं ओंजळीनं प्याली. मी भर बाजारात पेला घेऊन उभा. पानवाला बघतोय, हमाल बघताहेत, तांड्याच्या बाया ओढणीआडून बघताहेत. ते पाणी मी मातीत ओतलं नाही. मीच प्यालो, सगळ्यांच्या देखत, घटाघट, शेवटचा थेंब जिभेवर घेतला. बघा म्हटलं, काय बघायचं ते. मग दुकानात आलो आणि मशीनचा दांडा धरला.

दांडा फिरवताना डोकं कसं चालतं ते सोडावाल्यालाच माहीत. मशीनच्या पिंजऱ्यात बाटल्या आवळून बसवायच्या, नळकांड्यातून गॅस सोडायचा आणि दांडा फिरवत राहायचं. पिंजरा उलटासुलटा होतो, पाणी आतल्या आत आपटतं, गॅस त्यात मुरतो, आणि शेवटी बाटली उलटी झाली की काचेची गोटी येऊन गळ्यातल्या रबरावर बसते. टक्क. एकदा बसली की तिला आतला गॅसच धरून ठेवतो. बाहेरून अंगठ्यानं दाबल्याशिवाय हलत नाही. पंचवीस फेरे, कधी तीस. मनातल्या मनात मोजायचे, पण त्या दिवशी माझी मोजणी राहिली. मी फिरवतच होतो. बिजली, माझी बायको, मागून ओरडली, "बास करा, फुटन ना." आणि फुटलीच एक. पिंजऱ्यातच फुटली म्हणून बरं. एक काच तेवढी जाळीवर येऊन आदळली. मागच्या वर्षी अशीच एक हातात फुटली होती, तिचा व्रण मनगटावर अजून आहे. मला आवाजाची भीती वाटत नाही. मला राग येतो. राग आला की मला अमरावतीची ती बाटली आठवते.

तेव्हा मी जिनिंगमध्ये हमाल होतो. एकदा मालाच्या गाडीबरोबर अमरावतीला गेलतो. अंगावर कापसाची धूळ, भुवया पांढऱ्या, घशात रुई अडकलेली. आयुष्यभर मी कुठंही पाणी मागितलं की समोरचा आधी मला वरून खालपर्यंत बघायचा. कोण गाव? कोणता तांडा? मग लांबून ओतायचा. कधी ओंजळीत, कधी अर्धं अंगावर. आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, मला वाटायचं. अमरावतीत स्टॅंडजवळ एक सोडावाला होता. मी एक आणा पुढं केला. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, आण्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "या, बसा." बसा! मला! बाकड्यावर! अंगठ्यानं गोटी दाबली, फस्स झालं, आणि हिरवी बाटली माझ्या हातात आली. पहिला घोट नाकात चढला, डोळ्यांतून पाणी आलं, मी खोकलो आणि वेड्यासारखा हसलो. शेजारी एक वकील बसला होता काळा कोट घालून, तोही तसाच खोकला. आम्ही दोघं एकाच बाकड्यावर ढेकर देत बसलो. परतीच्या गाडीत कापसाच्या बोऱ्यांवर पडून मी ठरवलं, की मला हे करायचं आहे. पैसे किती मिळतील, याचा विचार मी केला नव्हता. खोटं कशाला सांगू. मला फक्त कोणाला तरी "या, बसा" म्हणायचं होतं.

ते व्हायला सहा वर्षं गेली. दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्या सोडावाल्यानं दुकान मोडलं तेव्हा बिजलीनं गळ्यातली चांदीची हासळी काढून दिली, मी उरलेलं जमवलं, आणि मशीन बैलगाडीत घालून यवतमाळला आणलं. जागा बबनरावांनी दिली, कापूसबाजाराच्या नाक्यावरची. बबनराव म्हणजे शेतीवाले, जुन्या वळणाचे, तोंडानं फटकळ. मला वाटलं, लमाणाच्या हातचा सोडा हा माणूस कशाला पिणार. पहिल्या दिवशी ते आले, मशीनकडं दहा मिनिटं बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "म्हणजे तुहा हात कुटंच लागत नाई का पाण्याले?" मी म्हटलं, "नाई लागत. मशीनच करते सारं." ते बसले आणि प्याले. त्यांच्यामागून बाजार आला. दलाल, कारकून, मास्तर, मोटारीतून उतरलेले पाहुणे. मला यात हसावं की रडावं कळलं नाही. पाणी माझी बायको भरते, लिंबाचा अर्क मी घालतो, बाटल्या आम्ही दोघं धुतो, आणि यांना वाटतं लोखंडानं केलं. वाटू दे. मी "या, बसा" म्हणत होतो आणि ते बसत होते. दोन महिने मी जमिनीपासून वीतभर वर चाललो. तिसऱ्या महिन्यात तांड्यातून निरोप आला.

आमचा तांडा लोहाऱ्याच्या पलीकडं, टेकडीच्या पायथ्याला. नाईक म्हणजे हिरासिंग काका, माझ्या बापाचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या आज्यानं, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. आमच्या तांड्यात एक गोष्ट लेकरांना दुधाबरोबर पाजतात: आपल्या लोकांनी वाटेवाटेवर विहिरी खोदल्या. जिथं मुक्काम, तिथं विहीर. आपण गेलो, विहीर राहिली, मागून येणारा कोणीही प्याला. आपला माणूस सगळं विकेल, पाणी विकणार नाही. लहानपणी मीही हे छाती फुगवून ऐकलं आहे. पंचायत लिंबाखाली बसली. मला मधोमध उभं केलं. काकानं शांतपणं विचारलं की तू पाणी विकतो हे खरं का. मी म्हटलं, गॅस विकतो, पाणी तर सगळीकडंच आहे. पंच हसले नाहीत. काका म्हणाला, ज्याच्या बापजाद्यांनी विहिरी खोदल्या, त्याचं पोरगं तहानलेल्याकडून पैसे घेते, ही तांड्याची अब्रू आहे का. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आणि निघालं त्याचा मला आजही पस्तावा नाही: "काका, विहिरी खोदल्या ना आपण? मंग आज त्या कोणाच्या सातबाऱ्यावर हायेत? आपल्याच विहिरीवर आपल्याले वरून पाणी ओतते लोक. मी फुकट देऊ कायले?" चिलमीची राख झाडल्याचा आवाज आला. मग काकानं निवाडा दिला. हा पाणी देत नाही, इकते. तं याच्या घरचं पाणी तांड्याले बंद. ज्या दिवशी हा मशीन मोडन, तांड्याले जेवण देईल, त्या दिवशी पाणी सुरू.

आई बायांमध्ये बसली होती. धुरपताबाई म्हणजे साऱ्या तांड्यात तोंडाची तिखट, बाजारात डिंकाच्या भावावरून व्यापाऱ्याला रडकुंडीला आणणारी. त्या दिवशी तिनं एक शब्द काढला नाही. मी जाताना तिच्याकडं बघत होतो, ती आपल्या हातातल्या बलियांकडं, त्या पांढऱ्या बांगड्यांकडं बघत होती. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण कोपराखालच्या चार तिनं ठेवल्यात, कोणी काही म्हटलं तर म्हणते, हात मोकळा वाटते. मला वाटलं, एवढी बिनधास्त बाई, माझ्यासाठी तोंड का उघडत नाही? तो राग मी वर्षभर पोसला. ती माझ्या धाकट्या भावाकडं, किसनसिंगाकडं राहते. दर बाजाराला दुकानासमोरून जाते. मी तिला दिसतो हे मला माहीत होतं. तीही मला दिसते हे तिला माहीत होतं. मी मुद्दाम जास्त जोरात ओरडायचो, "थंडागार सोडा, लेमन!" आणि ती तशीच सरळ जायची.

चक्कर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी किसनसिंग आला. दुकानात आला नाही, पायरीखाली उभा राहिला. म्हणाला की याडीला, म्हणजे आईला, बरं आहे, पण थकली आहे. आणि काका येत्या बाजाराला स्वतः येणार आहे, शेवटचं विचारायला. मशीन मोडतो की नाही. नाही म्हटलं तर बंदी कायमची, मग पुन्हा बोलणं नाही. मी विचारलं, याडी काय म्हणते? तो म्हणाला, ती काहीच म्हणत नाही, फक्त परवा विचारत होती की सोडा केवढ्याला देतो रे तो. जाता जाता तो थांबला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, बापाच्या तोंडात शेवटचं पाणी तूच घातलं होतं."

घातलं होतं. मला ते विसरायला झालं असेल असं त्याला वाटलं काय? पळसाच्या पानाचा द्रोण, माझा हात, अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलेलं, आणि तरी त्याच्या घशाचा मणी एकदा वर-खाली झालेला. आमच्यात थोरल्याचाच तो मान. बंदी कायमची झाली तर याडीच्या वेळेला माझा हात चालणार नाही. किसन घालेल, नाहीतर काकाचा कोणी पोरगा घालेल, आणि मी अंगणाबाहेर उभा राहीन, बाजारात उभा राहिलो तसा, भरलेला पेला घेऊन. आठवडाभर हेच चित्र डोळ्यांपुढं. दांडा फिरवताना, बाटल्या धुताना, गिऱ्हाइकाला मोड देताना. गॅसचा फस्स आवाज झाला की मला तो घशातला आवाज वाटायचा. जेवण गोड लागेना. मला माझीच चीड येत होती. ज्या गोष्टीसाठी सहा वर्षं घासली ती गोष्ट माझ्या मुठीतून सुटत होती आणि मूठ मीच उघडत होतो. बिजलीनं एकदाच विचारलं, मोडता का मशीन? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मोडा. पण मोडल्यावर मले सांगू नका का याडीसाठी मोडलं. तुमी त्याईले भेऊन मोडलं असंच मी समजीन." मी तिच्यावर ओरडलो. ती बाटल्या धूत राहिली. ती बरोबर होती म्हणूनच ओरडलो.

एक फार जुनी आठवण त्या आठवड्यात सारखी येत होती. मी पाच-सहा वर्षांचा असेन. दुष्काळाचं साल. याडी आणि मी बाभुळगावच्या वाटेनं चाललो होतो, तिच्या कडेवर एक लहानसा तांब्या, तळाशी दोन घोट पाणी. ते तिनं मला पाजलं आणि पुढं एका मळ्यातल्या मोटेवर जाऊन मालकाला पाणी मागितलं. त्यानं विचारलं, कोण गं तुम्ही. तिनं सांगितलं. तो म्हणाला, थांब, गडी येईल. गडी काही येईना. आम्ही बांधावर उभे राहिलो आणि याडीनं अचानक कनवटीचा पैसा काढून त्याच्यापुढं दगडावर ठेवला. "इकत दे." तो वरमला. मग स्वतः उठून त्यानं ओतलं, पैसा मात्र घेतला नाही. वाटेनं तिनं मला सांगितलं होतं की हे तांड्यात कोणाला सांगू नको. मी कोणाला सांगितलं नाही. इतकं सांगितलं नाही की स्वतःही विसरलो होतो.

तरी शनिवारपर्यंत मी ठरवलं. बबनरावांना जाऊन सांगितलं की मशीनला गिऱ्हाईक बघा. ते म्हणाले, "काहून गा? चाललं तं चांगलं." मी म्हटलं, घरचं कारण आहे. मग म्हणाले, मीच घेतो. मान हलवून आलो आणि मनात काकाला, पंचांना, माझ्या आज्याला आणि त्याच्या सगळ्या विहिरींना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. शरण जायचं तर शिव्या देत जाईन म्हटलं. तेवढं स्वातंत्र्य कोणाच्या बापाचं नाही.

बाजाराच्या दिवशी ऊन मागच्यापेक्षा कडक. मी बाटल्या भरून पाण्याच्या हौदात ठेवल्या, वर ओलं पोतं टाकलं. शेवटचा दिवस तर शेवटचा दिवस, सोडा चांगलाच निघाला पाहिजे. अकराच्या सुमाराला काका आला. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी, बरोबर दोन पंच. पायरीखाली सावलीत उभा राहिला. त्याच्या मागून डिंकाची गाठोडी घेतलेल्या बाया. याडी सगळ्यांच्या पुढं. मी जाळी काढून हातात धरली. काकानं घसा साफ केला. माझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, दोनच शब्दांचं: मशीन मोडतो. आणि तेवढ्यात याडी काकाच्या बाजूनं पुढं आली, पायरी चढली, गाठोडं खाली ठेवलं आणि बाकड्यावर बसली. दलाल आणि मास्तर बसतात त्या बाकड्यावर, पाय लांब करून. ओढणीनं तोंड पुसलं.

"सोडा दे एक," ती म्हणाली. "केवढ्याले?"

ती आमच्या बोलीत नव्हे, वऱ्हाडीत बोलली, गिऱ्हाइकासारखी. माझ्या हातातली जाळी खाली पडली. काका म्हणाला, भौजाई, काय करून राह्यली तू, याच्या घरचं पाणी बंद आहे. भौजाई म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. लहानपणी त्याला नदीवर घासून आंघोळ घालणारी बाई ती. तिनं त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"देल्लेलं पाणी बंद हाय, हिरा," ती म्हणाली. "मागच्या बाजाराले यानं मले देल्लं, मी घेतलं का? नाई घेतलं. तूच लिंबाखाली म्हणला, हा देत नाई, इकते. मी इकत घेऊन राह्यली. इकतचं कोणी बंद केलं, सांग."

काकानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पंचांपैकी एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. मला वर्षभराचा राग आठवला आणि त्या रागाची लाज वाटली. ती गप्प राहून हेच शोधत होती, वर्षभर, दर बाजाराला, माझ्या समोरून जाताना. मी हौदातली सगळ्यात खालची बाटली काढली, पुसली, तिच्यासमोर गोटी दाबली. फस्स. माझ्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं, याडी, पैसे कायले. जीभ दातांखाली धरली. ते शब्द निघाले असते तर ती बाटली दिलेली झाली असती, आणि ती उठून पाणपोईवर गेली असती.

"दहा पैसे," मी म्हणालो.

"दहा?" ती म्हणाली. "आठ घे. समोर आठाले भेटते."

"दहाच. कमी नाई होत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. एका वर्षानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत डोळे घालून. मग कनवटीची गाठ दातांनी सोडून एक पावली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बाटली तोंडाला लावली. पहिला घोट नाकात चढला, ती खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. दुसरा घोट. तिसरा. घशावरची सुरकुतलेली कातडी वर-खाली होत होती आणि मी ती बघत होतो, घोटाघोटाला. बाटली रिकामी करून तिनं एक मोठा ढेकर दिला आणि हात पुढं केला. मी पंधरा पैसे परत दिले. तिनं ते दोनदा पाहिले, गाठीत बांधले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पायरी उतरताना काकाला म्हणाली, "बस ना हिरा, उन्हात उभा काहून हायेस? पैसे नसन तं मी देईन."

काका बसला नाही. पण गेलाही नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला. आणि त्याच्या बाजूनं तांड्यातल्या दोन बाया पायरी चढून वर आल्या होत्या, मुठीत पैसे घट्ट धरून. आत यायचं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

"या," मी म्हणालो, "बसा."